उत्तरेची खिडकी आणि शंभर इंची भिंत

माझ्या खोटं बोलण्याला आमच्या गल्लीत खोटं म्हणत नाहीत, गंमत म्हणतात. नांदेडात खताच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मी वीस वर्षं ही गंमत वाटली. बियाण्याची पिशवी न्यायला आलेला माणूस जाताना माझी एखादी गोष्टही घेऊन जायचा. किनवटच्या जंगलात मी वाघाला विडी पेटवून दिली, ती. धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या ढिगासमोर मी असा शिंकलो की अर्ध्या तासात भाव पडला, ती. वाघानं कधी तक्रार केली नाही, मिरचीनं केली नाही. म्हणून माझी पक्की समजूत होती, की माझ्या जिभेनं कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडायला सुरुवात झाली ती सासुरवाडीला. निलंग्याच्या बाजूला एका लग्नाला आम्ही गेलो होतो. जेवणं उरकून पुरुषमंडळी मांडवात सुपारी कातरत बसली होती. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लातूरला शिकायला येणाऱ्या पोरांची मेस चालवतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या हातात रिमोट आला की तो कलेक्टर होतो. त्यानं पंचावन्न इंची टीव्ही घेतला होता. तो टीव्ही किती पातळ आहे, त्यात घामाचा थेंब कसा दिसतो, हे त्यानं इतकं सांगितलं की मला मांडवातच घाम फुटला. मी म्हणालो, "बरं केलंत. लहान घराला पुरतो तेवढा."

"तुमच्याकडं किती इंची हाय, साडूभाऊ?"

आमच्याकडं चोवीस इंची होता. त्यात मधोमध एक हिरवी रेघ होती, त्यामुळं बातम्या देणारी बाई कायम काठीला बांधल्यासारखी दिसायची. मी म्हणालो, "शंभर."

कसं निघालं मला माहीत नाही. शिंक येते तसं आलं. साडूनं सुपारी तोंडात टाकली. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "मग क्रिकेटची फायनल तुमच्याकडंच बघू. येत्या रविवारी समद्यांना घेऊन येतो."

बायकांच्या बाजूला माझी बायको पोरीबाळींना वाढत होती. तिनं हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडं पाहिलं. वीस वर्षांत ती मला असं पाहायला शिकली होती. रागानं नाही, अंदाज घेत. हे आता किती खोल गेलंय, असा.

आता आमचं घर सांगतो, आणि इथं एक इंचही वाढवत नाही. पुढं एक खोली, दहा बाय अकरा फूट. तिच्या मागं स्वयंपाकघर, त्यात एक माणूस वळला तर दुसऱ्यानं बाहेर जावं. पुढच्या खोलीत एक दिवाण, एक कपाट, आणि खिडकीशी बायकोचं शिवणयंत्र. ही खोली आम्ही घेतली तीच मुळी खिडकीसाठी. खिडकी उत्तरेची. ऊन थेट आत येत नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा, दुधासारखा उजेड. बायको साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाऊज शिवायची. आणि तिचं खरं नाव होतं मॅचिंगसाठी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी लावतात तो फॉल. पट्टी आत राहते, पण तिचे टाके बाहेरून दिसतात. दोऱ्याचा रंग साडीत विरघळला तर काम चांगलं. नाहीतर साडीला मुंग्या लागल्यागत दिसतं. बायकोकडं रिळांचे तीन डबे होते. साडी आली की ती खिडकीत जायची, रिळाचं टोक साडीवर धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, हा न्हाई. दुसरं रीळ, न्हाई. तिसरं, हाव. मला ती तिन्ही रिळं एकच दिसायची. मी दुकानात सांगायचो, माझ्या बायकोला काळ्या रंगाच्या सतरा जाती दिसतात. लोक हसायचे. माझ्या तमाम गोष्टींतली तेवढी एकच खरी होती.

लग्नाहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी शंभर इंचाच्या मागं लागलो. आधी वर्तमानपत्रं चिकटवून भिंतीवर आकार पाडला. बायकोचा मोजायचा टेप घेतला. टेप साठ इंचाचा. टेप संपला, टीव्ही संपेना. बरं, रुंदी मोजायची की उंची, हेही मला कळेना. बायको ब्लाऊजचा गळा कापत होती, मान वर न करता म्हणाली, "ते उरेब मोजतात. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरपं." मी चाट पडलो. शिवणकामात कापड तिरपं कापतात त्याला उरेब म्हणतात, हे मला ठाऊक होतं. टीव्हीचे कारखानेही शिंप्याच्या हिशोबानं चालतात, हे नव्हतं.

वजिराबादेतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. शंभर इंची टीव्ही तिथं होता. त्याची किंमत ऐकून मी विक्रेत्याकडं पाणी मागितलं. पोरगं समजूतदार होतं. म्हणालं, काका, खोली केवढी आहे ते सांगा, त्यावरून ठरवू. दहा फुटांवरून बघणार असाल तर पन्नास-पंचावन्न भरपूर झाला, डोळ्यालाही बरा.

आता इथं खरं सांगायचं होतं. डॉक्टरला आणि टीव्हीवाल्याला माणसानं खरं सांगावं. पण आजूबाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातलं एक आमच्या दुकानाचं. मी म्हणालो, "हॉल आहे. वीस बाय तीस."

मग तो मला प्रोजेक्टरकडं घेऊन गेला. आतल्या अंधाऱ्या केबिनमध्ये त्यानं तो लावून दाखवला. भिंतीएवढा समुद्र, त्यात बैलगाडीएवढा मासा. माझं काळीज तिथंच विकलं गेलं. तो सांगत राहिला, की हा मागं भरपूर अंतरावर ठेवावा लागतो, आणि अंधार पाहिजे, दिवसा तर फारच. मी म्हणालो, जागाच जागा आहे. खिडक्यांना मखमली पडदे आहेत. हे सांगताना मला ते पडदे दिसतही होते, मेंदीच्या रंगाचे, सोनेरी गोंडे लावलेले.

बोनस आला होता. तो गेला, प्रोजेक्टर आला.

घरी लावला तर चित्र उशीच्या अभ्र्याएवढं. मागं सरकवला, चादरीएवढं झालं. आणखी मागं सरकायला मागं भिंत. शेवटी प्रोजेक्टर स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर पिठाचा डबा, डब्यावर प्रोजेक्टर, आणि मधल्या दारातून चित्र पुढच्या खोलीत सोडलं. तेव्हा कुठं शंभर भरले. फक्त तो चालू असताना कुणी चहा आणायला आत गेलं की भिंतीवर त्याचं डोकं उगवायचं, घुबडासारखं.

आणि दिवसा काहीच दिसेना. फायनल दुपारी दोनला सुरू होणार. दुपारी दोनला त्या दुधासारख्या उजेडात आमच्या भिंतीवर नुसतं धुकं.

शुक्रवारी मी दुकानातून मल्चिंगचा कागद आणला. टरबुजाच्या वाफ्यावर अंथरतात तो, काळाकुट्ट. खिडकीवर दुहेरी लावला, वरून पेटीच्या फळ्या ठोकल्या. सव्वीस खिळे. शेवटचा खिळा बसला आणि खोलीत अमावस्या झाली. मला इतका आनंद झाला की मी अंधारातच टाळ्या वाजवल्या.

बायको मशीनपाशी बसली होती. तिच्या मांडीवर साडी होती.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्या गल्लीतलं ते सगळ्यात मोठं घर. त्यांनी अठरा साड्या बायकोकडं दिल्या होत्या, आहेराच्या आणि नवरीच्या. एवढं मोठं काम आमच्या घरी पहिल्यांदा आलं होतं. काकूंच्या पाहुण्यांत बायकोचं काम फिरलं असतं, पार परभणीपर्यंत, असं ती म्हणायची. वर्षभरात पुढं एक लहानसं दुकान घ्यायचं तिच्या मनात होतं. ती ते मनातच ठेवायची, पण रिळांचा तिसरा डबा तिनं त्याच पायी घेतला होता हे मला माहीत होतं. तीन साड्या राहिल्या होत्या, आणि काकू त्या रविवारी संध्याकाळी नेणार होत्या.

ती म्हणाली, "दिवसाच्या उजेडाबिगर मॅचिंग होत न्हाई."

मी म्हणालो, बल्ब आणतो. आणला. त्या बल्बबद्दल मी जे बोललो ते आठवलं तरी आज मान खाली जाते. यात सूर्य बारीक करून भरलाय, म्हणालो. दवाखान्यात ऑपरेशनला हाच लावतात, म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. मला वाटतं, तिनं थोडा विश्वासही ठेवला. वीस वर्षं माझ्यासोबत राहूनही तिनं तो ठेवला, याचं मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

शनिवारी तिनं दोन साड्या दारात, पायरीवर बसून मॅच केल्या. तिसरी राहिली, कारण मटणाची तयारी करायची होती. रविवारी सकाळी ती साडी आणि रिळांचा डबा घेऊन पुन्हा पायरीकडं निघाली. मोरपिशी रंगाची साडी, नवरीची. मी तिला दारात अडवलं. साडू नऊलाच लातूरहून निघाला होता, कोणत्याही क्षणी गाडी गल्लीत शिरली असती. शंभर इंचवाल्याची बायको पायरीवर बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावतेय, हे त्यानं पाहू नये.

मी ते तोंडानं म्हणालोही. अगदी याच शब्दांत नाही. म्हणालो, "आज तरी पायरीवर नको. पाव्हणे येऊन राहिलेत. घरात काय कमी उजेड हाय?"

ती दारात उभी राहिली. गल्लीतल्या उजेडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत येऊन बल्बखाली बसली. मटण शिजेपर्यंत तिनं फॉल लावून टाकला.

पाहुणे आले. साडू, मेहुणी, त्यांच्या दोन मुली, साडूचे आईवडील. दहा बाय अकरात आठ माणसं, त्यातला एक मी, आणि मी उभ्याउभ्या चौघांची जागा घेत होतो. साडूनं खोली पाहिली. मी लगेच म्हणालो, हॉलमध्ये रंगकाम चालू आहे, म्हणून तात्पुरतं इथं लावलंय. कुठला हॉल, हे त्यानं विचारलं नाही. जेवणं झाली. दोन वाजले. मी बल्ब घालवला आणि भिंतीवर मैदान उमटलं. हिरवंगार, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. साडूच्या आईनं पाय वर घेतले, जणू गवतात साप असावा. साडू म्हणाला, "मानलं बुवा." त्या क्षणी मी नांदेड जिल्ह्यातला सगळ्यात उंच माणूस होतो.

चारच्या सुमाराला कवाड वाजलं. संध्याकाळऐवजी काकू लवकर आल्या होत्या, कारण साड्या त्याच दिवशी मुलीच्या सासरी दाखवायला न्यायच्या होत्या. दार उघडलं तसा बाहेरचा उजेड आत घुसला आणि अकरा खेळाडू, पंच आणि सगळं मैदान एका क्षणात पुसलं गेलं. साडू म्हणाला, अहो दार, दार. काकू दारातच थांबल्या. बायकोनं साड्या त्यांच्या हातात दिल्या. काकूंनी वरची मोरपिशी साडी जरा उलगडून उजेडात धरली.

"ताई, हे काय? हिरवं?"

साडी निळ्याच्या अंगानं जाणारी होती. टाके हिरवे. काठाच्या कडेनं एका रांगेत, पार पदरापर्यंत. मलासुद्धा दिसले, आणि मला तर काळं-निळं एकच दिसतं. रेशीम होतं. टाके उसवले असते तरी सुईची भोकं राहिली असती.

बायको साडीकडं पाहत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मागत काही नव्हती. फक्त वाट पाहत होती.

मला काय बोलायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. चार शब्द होते. काकू, खिडकी मीच ठोकली. पण माझ्या पाठीमागं साडू बसला होता, त्याच्या आईवडिलांसकट. खिडकीचं सांगितलं असतं की फळ्यांचं निघालं असतं, फळ्यांचं निघालं की खोलीचं, खोलीचं निघालं की हॉलचं. आणि माझी जीभ, जिनं आयुष्यात कधी कुणाचं बिघडवलं नव्हतं, ती आपोआप चालली.

"काकू, हिला चाळिशी लागली आता. परवा मला दीर समजून चहा दिला, वर विचारते, भावजी, साखर किती?"

सगळे हसले. साडू लोळला. मेहुणी म्हणाली, "दाजी, तुमचं काय खरं न्हाई." काकूंनासुद्धा हसू आलं, आणि त्यांचा राग उतरला. रागाच्या जागी कीव आली. त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे दाखवून घे ग. ह्या कामात डोळेच तर लागतात."

बायको म्हणाली, "चुकलं माझं, काकू."

दार लागलं. मैदान परत आलं. मॅच कोण जिंकलं ते मला आज सांगता येणार नाही.

पाहुणे गेल्यावर ती भांडी घासत होती. मी मधल्या दारात उभा राहून धुतलेली भांडी पुसत होतो. तिनं वळून पाहिलं नाही. म्हणाली, "चाळिशीचं म्हणालात, ते चालून गेलं असतं. समदे हसले तवा तुम्ही बी हसलात."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी सव्वीसच्या सव्वीस खिळे काढले. कागद उतरवला. उजेड आला, पण काकूंकडून नवं काम आलं नाही. राहिलेले ब्लाऊज त्यांनी दुसऱ्या बाईकडं दिले. आठ दिवसांत गल्लीतल्या बायका मला थांबवून विचारू लागल्या, ताईंच्या डोळ्याचं ऐकलं, ऑपरेशन करावं लागतंय का? दूधवाल्यानं एका वैद्याचा पत्ता दिला. माझी गोष्ट माझ्यापेक्षा जोरात पळत होती. गल्लीत कुणी तिला चष्मा लावून टाकला होता, कुणी मोतीबिंदू.

मग मी ठरवलं, खरं सांगायचं. कोपऱ्यावरच्या घरी गेलो. काकूंना पायरीवर बसून सगळं सांगितलं. मांडवातला शंभरचा आकडा, मल्चिंगचा कागद, खिळे, बल्ब, पायरीवर अडवलेलं. काही सोडलं नाही, काही वाढवलं नाही. आयुष्यात इतकं सपक मी कधी बोललो नव्हतो. काकू ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "टरबुजाचा कागद खिडकीला! तुमचं डोकं कुठं कुठं चालतं भाऊ. पण बायकोचं झाकायला बगता, हे लई चांगलं हाय. असा नवरा मिळत न्हाई."

चौकातल्या हॉटेलात सांगितलं. लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, वाघाला विडी दिली त्यापेक्षा ही भारी. दुकानात सांगितलं. मालक म्हणाला, खिळे सव्वीस म्हणू नकोस, शंभर म्हण, मजा येईल. मी शपथ घेतली तर आणखी हसले, कारण वाघाच्या वेळीही मी शपथच घेतली होती. आणि हळूहळू सगळ्या गल्लीत असं झालं, की मी बायकोच्या अधू डोळ्यांवर पांघरूण घालणारा चांगला माणूस. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. मी मान खाली घालून चालायचो, तर ते दुःख आहे असं समजून लोक वाट सोडायचे.

प्रोजेक्टर माळ्यावर टाकला.

काम अगदी बंद झालं नाही. साधी कामं येतात. फक्त आता बायका साडीबरोबर रीळही आणतात. बाजारातून, दुकानदाराकडून मॅच करून. तुमच्या डोळ्याला त्रास नको, म्हणतात. चांगल्या मनानंच म्हणतात, म्हणून त्यावर काही बोलता येत नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. डाळिंबी साडी आणि पिशवीत रीळ. मी घरीच होतो. बायकोनं रीळ घेतलं, खिडकीत गेली, टोक साडीवर धरलं, डोळे बारीक केले. म्हणाली, "हा न्हाई चालत. जरा विटकरीकडं जातो. माझ्याकडं हाय बराबर."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आवाज खाली करून, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बगा बरं."

मी उठलो. खिडकीत गेलो. साडी पाहिली, रीळ पाहिलं. मला दोन्ही एकच दिसत होती. मी म्हणालो, "ती म्हणते तेच बरोबर आहे."

"तुम्ही तर तसंच म्हणणार," बाई हसून म्हणाल्या. "असू द्या ताई, दुकानदारानं उजेडात बगून दिलाय. हाच लावा."

बायकोनं वाद घातला नाही. तिनं आपला डबा उघडलाही नाही. ते चुकीचं रीळ मशीनवर चढवलं, दोरा पहिल्याच प्रयत्नात, न पाहता सुईत ओवला, आणि पाय हलवायला लागली. बाई दिवाणावर बसून तिचं काम पाहत होत्या. मी खिडकीत उभा होतो आणि माझी सावली साडीवर पडत होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी बाजूला झालो.